मेर्सेनच्या यादीतील सदुसष्ट : प्रामाण्य आणि प्रमाण

फ्रान्समधील मठवासी विद्वान मारँ मेर्सेन याने इ. स. १६४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, दोनच्या घातातून एक वजा केला असता, २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी केवळ २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ व २५७ या अकरांनाच मूळसंख्या मिळते. विधानास सिद्धता जोडलेली नव्हती. युक्लिडपासून परिपूर्ण संख्यांचा विचार अशा मूळसंख्यांशी निगडित असल्याने यादीस मान मिळाला. तिची तपासणी मात्र दुष्कर होती.

यांपैकी ६७ या घातांकाची संख्या १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही होय. भास्कराचार्यांच्या लीलावतीत सांगितलेली अठरा स्थाने परार्धापाशी संपतात. ही संख्या एकवीस अंकी, म्हणजे १४७५ परार्धांहून अधिक आहे; तिच्या उच्चारासही परंपरागत स्थाननामे अपुरी पडतात.

इ. स. १८७६ मध्ये एदुआर ल्यूका याने ही संख्या मूळ नसल्याचे दाखविले. त्याच्या पद्धतीचा विशेष असा की, तीत अवयव शोधावे लागत नाहीत, आणि म्हणूनच ते सापडतही नाहीत. संख्या विभाज्य आहे एवढे कळले. कशाने, हे अज्ञातच राहिले.

इ. स. १८८३ मध्ये पेर्वुशिन याने ६१ हा घातांक मूळसंख्या देतो असे सिद्ध केले. तेव्हा ‘६७’ हा ‘६१’ चा मुद्रणदोष असावा, असा तर्क पुढे आला. पाठचिकित्सेच्या दृष्टीने तो आकर्षक असला, तरी टिकण्याजोगा नाही. कारण पुढे ८९ व १०७ हे घातांक यादीतून सुटल्याचे आणि २५७ हा चुकीने आल्याचे निष्पन्न झाले. एक अंक सुधारून यादी निर्दोष होत नाही. दोष मुद्रकाचा नसून सिद्धतेवाचून केलेल्या विधानाचा आहे.

अवयवांचा प्रश्न फ्रँक नेल्सन कोल याने सोडविला. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन गणित परिषदेपुढे त्याने १९३७०७७२१ व ७६१८३८२५७२८७ हे अवयव मांडले. एक शब्दही न उच्चारता त्याने फळ्यावर गुणाकार केला व सभेने टाळ्यांचा गजर केला, ही कथा प्रसिद्ध आहे. परंतु ती बेल याने १९५१ च्या ग्रंथात, म्हणजे जवळजवळ अर्धशतकानंतर, सांगितलेली आहे. या कामी तीन वर्षांचे रविवार लागले, हे कोलचे म्हणून सांगितलेले उत्तरही बेलच्याच द्वारे आलेले आहे. इतिहासकाराने तिचा स्वीकार सावधपणेच केला पाहिजे.

गुणाकाराची गोष्ट निराळी. पहिल्या अवयवातून एक वजा केल्यास १३४ ने निःशेष भाग जातो व भागाकार १४४५५८० येतो. ६७ घातांकाच्या संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवास ही अट पाळावीच लागते. सभेतील मौन साक्षीवर अवलंबून आहे. हा गुणाकार कोणाही वाचकास स्वतः पडताळता येतो. मेर्सेनच्या विधानापासून येथवर पोहोचण्यास २५९ वर्षे लागली. प्रामाण्य आणि प्रमाण यांतील अंतर ते हेच.