रेख्ती: लखनौच्या घरगुती बोलीची कुळकथा

रेख्तीचा जनक म्हणून सआदत यार खाँ ‘रंगीन’ (1757–1835) याचं नाव घेतलं जातं. हा मान त्याने स्वतःच स्वतःकडे घेतला होता. रेख्ता म्हणजे उर्दू कविता आणि रेख्ती म्हणजे बाईच्या तोंडी, बाईच्या बोलीत रचलेली कविता. ‘अंगेख्ता’ या आपल्या दिवाणाच्या, म्हणजे काव्यसंग्रहाच्या, प्रस्तावनेत तो सांगतो की, तरुणपणी खानगी बायकांच्या, म्हणजे गणिकांच्या, सहवासात ही बोली त्याच्या कानावर पडली. लखनौला तो मिर्झा सुलेमान शिकोह या मोगल शहजाद्याच्या पदरी होता. तिथे त्याचा मित्र इन्शा हाही रेख्ती रचू लागला आणि पुढच्या पिढीत मीर यार अली ‘जान साहब’ तर रेख्तीकार म्हणूनच ओळखला गेला. तरीही जनकत्वाचा दावा टिकत नाही. सतराव्या शतकातच आदिलशाही विजापुरात हाशमीने दखनीत, म्हणजे दख्खनच्या उर्दूत, बाईच्या आवाजात गझला लिहिल्या होत्या, आणि त्याच्याही आधी पैठणच्या एकनाथांनी (1533–1599) भारुडात सासुरवाशिणीला बोलतं केलं होतं. प्रघात जुनाच होता. लखनौने त्याला नाव दिलं, मुशायऱ्याची बैठक दिली आणि शहरी बोलीचा ठसका दिला.

गझलेतल्या महबूबला ना नाव असतं ना गाव. रेख्तीतली बाई मात्र घरात राहते. दुपट्टा, दागिने, मोलकरणीशी हुज्जत, सासू-नणंदेचा काच, नवस, दृष्ट काढणं, मैत्रिणीवरचा रुसवा, दोन बायकांमधली उघड प्रीती असं सगळं तिच्या बोलण्यात येतं. 1857 नंतर हवा पालटली. ‘आबे-हयात’मध्ये (1880) मुहम्मद हुसेन आझाद यांनी रेख्तीला लोकांच्या बायकीपणाचं एक कारण ठरवलं. पुढे हे काव्य क्षुद्र, घरगुती आणि चावट म्हणून बाजूला पडलं. पण घरगुतीपणाची खरोखरच अडचण होती का? 1869 साली आलेल्या नझीर अहमद यांच्या ‘मिरातुल उरूस’ या कादंबरीत हीच बेगमाती, म्हणजे घरातल्या बायकांची, बोली आहे, हेच घर आणि हीच भांडणं आहेत; तिला सरकारने हजार रुपयांचं बक्षीस दिलं. उर्दू कवी हालींनी ‘मुनाजात-ए-बेवा’ ही कविता विधवेच्या तोंडी लिहिली, आणि तिचा गौरवच झाला. फरक एवढाच की या दोन्ही कृतींना काही शिकवायचं होतं. आपल्याकडेही सासुरवाशिणीचं गाऱ्हाणं भारुडात अध्यात्माच्या आधाराने देवळात शिरलं, आणि रंगीनच्याच काळातली लावणी मात्र सोवळ्या समाजाने उंबऱ्याबाहेर ठेवली. रोजचं जगणं कवितेत चालतं. ते उपदेशाविना आलेलं खपत नाही, असं माझं मत आहे.

रोजचं जगणं सांगणाऱ्या ब्रिटिश रॅपवरचा वादही याच वळणाने जातो. 2002 साली ‘द स्ट्रीट्स’च्या माइक स्किनरने ‘ओरिजिनल पायरेट मटेरियल’मध्ये दारू, व्हिडिओ गेम आणि फसलेली प्रेमं आपल्याच उच्चारात मांडली. पुढच्या वर्षी पूर्व लंडनच्या डिझी रास्कलला ‘बॉय इन डा कॉर्नर’साठी मर्क्युरी पुरस्कार मिळाला. एका बाजूला हा किरकोळ बडबडीचा प्रकार वाटतो. दुसऱ्या बाजूचे लोक त्यात सामाजिक संदेश शोधून त्याची तरफदारी करतात. ही तरफदारी मला अपुरी वाटते, कारण संदेश नसेल तर गाण्याला मोल नाही हे तीही मान्य करूनच बसते.

रेख्तीवर एक आक्षेप मात्र खरा आहे. ही कविता पुरुषांनी, बहुतेक पुरुषांच्याच करमणुकीसाठी लिहिली, आणि तिच्यात बाईकडे चोरून पाहणारी नजर पुष्कळ ठिकाणी आहे. रॅपर स्वतःच्या गल्लीबद्दल बोलतो. रंगीन दुसऱ्याच्या अंगणाबद्दल बोलत होता. हा फरक पुसून टाकू नये. पण या कवींनी बोली मनाने रचली नव्हती. इन्शाने ‘दरिया-ए-लताफत’ या 1807-08 च्या व्याकरणग्रंथात बायकांच्या बोलीची नोंद भाषेचा एक अधिकृत थर म्हणून केली, आणि तोच इन्शा रेख्तीकारही होता. शिवाय चावट ओळींसाठी सगळी रेख्ती टाकायची तर फारसी-उर्दू गझलेचाही मोठा भाग टाकावा लागेल; तसं कुणी केलं नाही. ज्या बायकांना लिहू दिलं गेलं नाही त्यांचे शब्द, शिव्या, लाडाची नावं आणि शपथा इथे उरल्या आहेत, भले परक्या हाताने का असेना. म्हणून रेख्ती नागरीत, टिपांसह, न गाळता छापली जावी. आणि दखनीशी नातं सांगणाऱ्या मराठी अभ्यासकांनी त्यात पुढाकार घ्यावा.