'यू वॉज' चुकलं कधी?

इंग्लंडात आजही बरेच लोक सर्रास 'यू वॉज' म्हणतात. शाळेत घोकलेलं व्याकरण लगेच ओरडतं, चूक! पण गंमत बघा, अठराव्या शतकात एकाच माणसाशी बोलताना 'यू वॉज' चांगली शिकलेली मंडळीही म्हणत. पुढे लंडनचा बिशप झालेल्या रॉबर्ट लाउथने १७६२च्या व्याकरणात त्यावर कडक शेरा मारला: 'यू' अनेकवचनी, मग क्रियापद एकवचनी कसं? लिंडली मरेचं १७९५चं व्याकरण शाळाशाळांत गेलं आणि असे नियम पक्के झाले. आपणही एकट्या बाबांना 'बाबा आले'च म्हणतो की! नियम पाळावा, जरूर. पण मुलाखतीला आलेल्या एखाद्याच्या तोंडी 'यू वॉज' आलं, म्हणून त्याला अडाणी ठरवू नये.