जुन्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाची बेअरिंग्ज कशी शोधतात?

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार 1962 ते 1980 या काळात तयार झाली. तिच्या इंजिनाची बेअरिंग्ज आजही नवी मिळतात. खरा प्रश्न असतो तो नेमकी कोणती घ्यायची हा. इथे चूक झाली तर क्रँकशाफ्टच खराब होऊ शकतो.

आधी इंजिन ओळखा
सुरुवातीच्या 1798 सीसी इंजिनात तीन मेन बेअरिंग्ज होती. 1964 च्या अखेरीस पाच झाली. एकाची मेन बेअरिंग्ज दुसऱ्याला चालत नाहीत. फक्त गाडीचं वर्ष सांगून ऑर्डर देऊ नका. मधल्या काळात इंजिन बदललेलं असू शकतं. इंजिनावरचा नंबर तपासा.

मग माप घ्या
झिजलेला क्रँकशाफ्ट ग्राइंड करून बारीक करतात आणि तेवढं जाड बेअरिंग बसवतात. त्यामुळे बेअरिंग्ज 10, 20, 30 थाउ अशा 'अंडरसाइझ' मापांत येतात. 10 थाउ म्हणजे 0.254 मिमी. जुन्या बेअरिंगच्या पाठीवर माप छापलेलं असू शकतं, पण खात्री मायक्रोमीटरनेच करा.

ग्राइंडिंगची घाई नको
बेअरिंग हातात आल्यावरच क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगला द्या. आधी घासला आणि त्या मापाचं बेअरिंग मिळालं नाही, तर काम अडकतं. घासलेला धातू परत येत नाही.

शेवटची तपासणी
बेअरिंग आणि शाफ्टमधली फट मोजा. ती जास्त असेल तर ऑइल प्रेशर पडतं, कमी असेल तर ऑइलचा थर टिकत नाही आणि बेअरिंग जळतं.