कापिशायन, कोशू आणि दारू : द्राक्षमद्याच्या नावांविषयी काही विचार

१

जपानचे मद्य म्हटले की आपल्याकडील सुशिक्षित माणसास तांदळापासून केलेली ‘साके’ आठवते. जपानात द्राक्षाचेही मद्य होते, हे प्रस्तुत लेखकास अलीकडेपर्यंत ठाऊक नव्हते. तिकडे नोकरीस असलेला एक माजी विद्यार्थी सुटीत हिंगोलीस आला असता एक बाटली भेट देऊन गेला, आणि तेव्हा या विषयाकडे प्रथम लक्ष गेले. मद्य रंगाने फिके, चवीला हलके व आंबटसर असून शेवटी किंचित तुरटपणा जाणवतो. याहून अधिक काही चवीविषयी सांगण्याचा अधिकार नवख्यास नाही. परंतु बाटलीवरील लेबलात तीन नावे होती आणि नावांविषयी बोलणे हा भाषेच्या अभ्यासकाचा व्यवसायच होय. ‘निहोन वाइन’ हे देशाचे, ‘यामानाशि’ हे प्रांताचे व ‘कोशू’ हे द्राक्षाच्या जातीचे नाव. या तीन नावांचा माग काढीत गेल्यास आपण पाणिनी, कौटिल्य, गोवा आणि अखेर मराठीतील ‘दारू’ या शब्दापर्यंत येऊन पोहोचतो. तो माग येथे थोडक्यात मांडावयाचा आहे.

२

द्राक्षासाठी जपानीत ‘बुदो’ हा शब्द आहे. परंतु तो मूळचा जपानी नव्हे. रानद्राक्षासाठी जुना देशी शब्द ‘एबि’ असा होता. इ. स. ७१२ मधील ‘कोजिकी’ या ग्रंथात, पाताळातून पळणारा इझानागी आपले शिरोभूषण मागे फेकतो व त्याची रानद्राक्षे होतात, अशी कथा आहे. तेथे हाच शब्द आढळतो. ‘बुदो’ हा चिनी ‘पूताओ’ या शब्दाचा जपानी उच्चार. चीनमध्ये द्राक्ष आले ते इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात, चांग छियेनच्या पश्चिमेकडील प्रवासानंतर. हान राजदूतांनी फरगाण्याच्या बाजूने द्राक्षाचे बी आणले, अशी नोंद ‘शी-ची’ या इतिहासग्रंथात आहे. फळाबरोबर नावही आले. ते एखाद्या इराणी भाषेतील असावे आणि फारसीतील मद्यवाचक ‘बादा’ या शब्दाशी त्याचे नाते असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असल्यास जपानी माणूस आज फळासाठी जो शब्द वापरतो, त्याच्या मुळाशी मद्यच आहे.

‘कोशू’ या नावाची गोष्ट निराळी आहे. आजच्या यामानाशि प्रांताचे जुने नाव ‘काइ’, आणि त्याचेच चिनी धाटणीचे रूप ‘कोशू’. म्हणजे द्राक्षास भूमीचेच नाव मिळाले. या द्राक्षाच्या आगमनाविषयी दोन आख्यायिका आहेत. एकीनुसार ७१८ साली ग्योकी नामक भिक्षूस कात्सुनुमा येथे हाती द्राक्षांचा घोस घेतलेल्या याकुशी बुद्धाचे दर्शन झाले व त्याने तेथे दाइझेंजी हे मंदिर स्थापिले. दुसरीनुसार ११८६ साली आमेमिया काग्येयू या गृहस्थास त्याच परिसरात ही वेल आढळली. आख्यायिका इतिहास नव्हेत. तथापि त्या फळ बाहेरून आले असल्याची जाणीव जपून ठेवतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने तिला पुष्टी मिळाली. कोशूचा सुमारे सात-दशांश अंश पश्चिमेकडील लागवडीच्या द्राक्षाचा असून उरलेला पूर्व आशियातील रानद्राक्षाचा आहे; आणि मातृकुळ रानद्राक्षाचे आहे. शब्द व वेल यांनी केलेला प्रवास असा समांतर दिसतो. दोहोंचाही उगम पश्चिमेकडे, आणि दोहोंत वाटेवरच्या प्रदेशांचे काहीतरी मिसळले.

३

भूमीवरून द्राक्षाचे व मद्याचे नाव पडण्याचा हा प्रकार आपल्या परंपरेत फार जुना आहे. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायातील दुसऱ्या पादात पाणिनीने ‘कापिशी’ या स्थलनामापासून तद्धित सिद्ध करण्यासाठी एक स्वतंत्र सूत्र दिले आहे. त्यायोगे ‘कापिशायन’ मधु व ‘कापिशायनी’ द्राक्षा ही रूपे होतात. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेस असलेल्या आजच्या बेग्रामचा परिसर. एका गावच्या मालासाठी व्याकरणात सूत्र करावे लागले, यावरून तो माल किती प्रसिद्ध होता याची कल्पना येते.

कौटिल्याने तर याहून पुढचे पाऊल टाकले आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात मद्याचे प्रकार सांगताना तो ‘मधु’ म्हणजे मृद्वीकेचा, अर्थात द्राक्षाचा, रस असे म्हणतो. आणि कापिशायन व हारहूरक ही त्याची नावे त्याच्या स्वदेशावरून पडली असल्याचे स्पष्ट करतो. करवसुली करणाऱ्या अधिकाऱ्यास मालाचा देश कळला पाहिजे, ही त्यामागील व्यवहारदृष्टी होय.

येथे ‘मधु’ शब्दाविषयी एक नोंद अवश्य केली पाहिजे. जपानीत मधास ‘मित्सु’ म्हणतात. हा शब्द चिनीतून आला. चिनीत तो मध्य आशियातील तोखारी भाषेतून आला. आणि तोखारी ‘मित’ हा संस्कृत ‘मधु’ शब्दाचा सगोत्र आहे. ज्या शब्दास कौटिल्याने द्राक्षमद्याचा अर्थ दिला, त्याचा दूरचा भाऊबंद जपानात मधाच्याच अर्थाने नांदतो आहे.

४

मध्य आशियातील हा खुष्कीचा मार्ग प्राचीन. सोळाव्या शतकात दुसरा, समुद्रमार्ग खुला झाला व तो गोव्यावरून जात होता. फ्रान्सिस झेवियर एप्रिल १५४९ मध्ये गोव्याहून निघून मलाक्कामार्गे १५ ऑगस्ट रोजी कागोशिमा येथे उतरला. १५५१ साली यामागुचीचा अधिपती ओउचि योशिताका यास त्याने ज्या भेटी दिल्या, त्यांत पोर्तुगीज द्राक्षमद्यही होते. या तांबड्या मद्यास पोर्तुगीज ‘तिंतो’ म्हणत. जपानी मुखात त्याचे ‘चिंता’ झाले आणि ‘चिंताशू’ असा सामासिक शब्द रूढ झाला.

त्याच काळात त्याच भाषेतून मराठीनेही शब्द घेतले. आपला ‘पाव’ व जपानी ‘पान’, आपला ‘साबण’ व जपानी ‘शाबोन’, आपली ‘तंबाखू’ व जपानी ‘ताबाको’ ही एकाच जहाजावरून उतरलेली मंडळी आहेत. परंतु मद्याच्या बाबतीत दोन्ही भाषांची निवड वेगळी झाली. पोर्तुगीज लोक मद्य ज्या लाकडी पात्रात भरीत त्यास ‘पीपा’ म्हणत. मराठीने ‘पिंप’ घेतले. त्यातील ‘तिंतो’ मात्र घेतले नाही. जपानीने मद्याचे नाव घेतले. आज हिंगोलीतील घरोघरी पाण्याचे पिंप आहे, आणि त्याच्या पूर्वजन्माची आठवण कोणासही नाही. भाषा परक्या वस्तूतील नेमके काय उचलते, हे समाजाची गरज ठरविते. याचे इतके बोलके उदाहरण सहसा सापडत नाही.

५

जपानात द्राक्षमद्याचा उद्योग म्हणून आरंभ मेजी काळात झाला. १८७७ साली यामानाशित एक कंपनी स्थापन होऊन तिने ताकानो मासानारी व त्सुचिया र्यूकेन या दोन तरुणांना फ्रान्सला धाडले. १८७९ मध्ये ते ही विद्या शिकून परतले. परंतु कंपनी काही वर्षांतच, १८८६ मध्ये, बंद पडली. निगाता प्रांतातील कावाकामी झेंबेई यांनी १८९० साली इवानोहारा येथे द्राक्षबाग लावली, तळघर गार ठेवण्यासाठी हिवाळ्यातील बर्फ साठविला आणि १९२७ साली ‘मस्कत बेली ए’ ही दमट हवेत टिकणारी काळ्या द्राक्षाची संकरित जात सिद्ध केली.

मद्य तयार झाले, पण ते पिणार कोण? तांदळाच्या मद्यावर वाढलेल्या जिभेस द्राक्षाचा आंबट-तुरट रस रुचेना. तेव्हा ते गोड करून, प्रकृतीस हितकर पेय म्हणून विकले गेले. १९०७ साली तोरी शिंजिरो यांनी काढलेले ‘आकादामा पोर्ट वाइन’ हे याचे ठळक उदाहरण. यातील ‘पोर्ट’ हे पोर्तुगालमधील पोर्तो या शहराचे नाव. भूमी एक, नाव दुसऱ्या भूमीचे आणि ओळख औषधाची, असा हा तिहेरी व्यवहार होता. १९७३ साली त्या नावातून ‘पोर्ट’ वगळावे लागून ‘स्वीट’ आले.

औषध व मद्य यांची ही सांगड आपणास नवी नाही. ज्या याकुशी बुद्धाच्या हाती द्राक्षांचा घोस आहे, तो म्हणजे संस्कृतातील ‘भैषज्यगुरू’, वैद्यकाचा बुद्ध. आपल्या आयुर्वेदीय औषधालयात द्राक्षासव व द्राक्षारिष्ट आजही मिळते, आणि नामदेवांच्या नर्सीस जाणारा माळकरीसुद्धा वैद्याने सांगितल्यास ते निःशंकपणे घेतो. तेही आंबवूनच सिद्ध होते. खुद्द ‘दारू’ हा शब्द फारसीत औषधवाचक आहे. मराठीतील ‘दवादारू करणे’ या प्रयोगात तो मूळ अर्थ अद्याप शाबूत आहे. एरवी मात्र त्याच शब्दाने संसार उद्ध्वस्त करणारी वस्तू ओळखली जाते.

६

‘निहोन वाइन’ या पहिल्या नावाकडे आता वळू. जपानात दीर्घकाळ परदेशातून आणलेल्या द्राक्षाच्या आटीव रसापासून मद्य करीत आणि ते देशी म्हणून विकले जाई. २०१५ साली तेथील राष्ट्रीय कर विभागाने नियम केला व तो ३० ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार केवळ जपानात पिकलेल्या द्राक्षांपासून जपानातच केलेल्या मद्यासच ‘निहोन वाइन’ म्हणता येते. प्रांताचे नाव लावावयाचे तर किमान ८५ टक्के द्राक्षे त्या प्रांतातील असून मद्यही तेथेच झालेले असावे लागते. कर गोळा करणाऱ्या खात्याने मालाचा ‘स्वदेश’ निश्चित करावा, ही गोष्ट कौटिल्याच्या सुराध्यक्षास मुळीच अपरिचित वाटली नसती.

महाराष्ट्रात २००१ साली शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि नाशिकच्या परिसरात हा उद्योग वाढला. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा मोठा वाद झाला. त्या वादात एक पक्ष ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असे सांगत होता, तर दुसरा ‘ती दारूच’ असे म्हणत होता. दोन्ही पक्षांनी प्रश्न शब्दार्थाचा केला. वास्तविक ‘दारू’ हा शब्द औषधापासून व्यसनापर्यंत सरकत आलेला आहे, आणि ‘वाइन’ हा शब्द मराठीत येताना भारदस्तपणा घेऊन आला आहे. दोहोंपैकी एकाही नावावरून बाटलीत मद्यार्क किती आहे, द्राक्ष कोणत्या शिवारातील आहे, शेतकऱ्यास काय मिळाले आणि पिणाऱ्याच्या घरी काय झाले, हे कळत नाही. नावाने वस्तूचा गुण सिद्ध होत नाही आणि दोषही धुतला जात नाही.

मग नावाने करावे तरी काय? आपल्या जिल्ह्यापुरते उत्तर सोपे आहे. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ‘वसमत हळद’ हे नाव हळद औषधी आहे की नाही याचा निवाडा करीत नाही. ती कोणत्या मातीतली, एवढेच सांगते, आणि त्यास ती बांधील राहते. कापिशायन आणि कोशू ही नावे याच जातीची आहेत. आकादामावरील ‘पोर्ट’ तसे नव्हते, म्हणून ते टिकले नाही. मद्य घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे. परंतु ज्या शब्दांनी त्याचा निर्णय करावयाचा, ते शब्द कोठून आले व काय लपवितात, हे दाखवून देणे आपल्या कक्षेत आहे. २०२२ च्या वादात हे काम करावयास आपल्यापैकी फारसे कोणी पुढे आले नाही, ही उणीव मान्य केली पाहिजे.