तेरेखोलची कुळे आणि ताईंचा कायदा

तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर गोव्याचे एवढेसे गाव आहे. गोल्फ मैदानाच्या प्रकल्पाला विरोध करताना तेथील कुळांनी कूळ कायद्याचाच आधार घेतला. तो आधार बळकट केला याच पेडणे तालुक्याच्या कन्येने.

१९३५ साली पेडण्यात जन्मलेल्या शशिकला काकोडकर वकील नव्हत्या. वडील भाऊसाहेब बांदोडकर १९७३ च्या ऑगस्टमध्ये निवर्तले व मुख्यमंत्रिपद ताईंकडे आले. हा केवळ वारसा, असे म्हणणारे पुष्कळ होते. ताईंचे उत्तर विधानसभेतून आले. भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला हुसकावून लावण्यास १९७५ च्या कायद्याने आळा घातला. पुढील वर्षीच्या पाचव्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ पासून कसणारे कूळच जमिनीचे खरेदीदार मानले गेले. भाटकार अर्थातच न्यायालयात गेले.

सरकारी नोकरीत आयुष्य गेल्याने आम्ही जाणतो की, कायदा संमत होणे वेगळे आणि मामलेदाराच्या दप्तरातून सनद हाती पडणे वेगळे. एप्रिल १९७९ मध्ये स्वपक्षीयांच्याच फुटीने ताईंचे सरकार कोसळले. २०१६ साली ताई गेल्या, तेव्हाही कित्येक कुळांचे किंमत भरून सनद घेणे राहूनच गेले होते.