रॅकेट बदलली, तसा हात बदलला

१ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा होऊन जालना जिल्हा झाला. त्यानंतर नऊ आठवड्यांनी, ४ जुलैला, जॉन मॅकेन्रोने ब्यॉन बोर्गला हरवून विम्बल्डन जिंकलं. त्याच्या हातात डनलॉपची लाकडी रॅकेट होती. पुरुष एकेरीचं विम्बल्डन लाकडी रॅकेटने जिंकलं गेलं ते त्या दिवशी शेवटचं. म्हणजे जालना जिल्ह्याचं वय आणि लाकडी रॅकेटच्या निवृत्तीचं वय एकच आहे.

हा नुसता योगायोग. पण तुम्ही जालन्यात किंवा अशाच कुठल्या जिल्ह्याच्या गावी नव्याने टेनिस खेळायला लागला असाल, तर तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. कारण कोर्टावर तुम्हाला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एखादे ज्येष्ठ काका म्हणतात, "मनगट घट्ट, फटका सरळ, रॅकेट जड घ्या." मोबाइलवरचा व्हिडिओ सांगतो, "हात सैल सोडा, चेंडूला फिरकी द्या, अमुक चॅम्पियनची रॅकेट घ्या." गंमत अशी, की दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. काका लाकडी रॅकेटचं टेनिस सांगतायत, व्हिडिओ ग्राफाइटचं. मधल्या काळात काय घडलं हे कळलं, की कुणाचं किती ऐकायचं हेही कळतं.

टेनिस भारतात आलं ते छावण्या आणि जिमखान्यांच्या वाटेने. मेजर वॉल्टर विंगफिल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८७४ मध्ये लॉन टेनिसचं पेटंट घेतलं आणि रॅकेटी, जाळी, चेंडू असा संच पेटीत घालून विकायला काढला. पेटी उघडा, हिरवळीवर जाळी बांधा, खेळा. अधिकाऱ्यांच्या बदल्यांबरोबर हा खेळ साम्राज्यभर पोचला. त्याच दशकात पुण्याच्या छावणीत बॅडमिंटनचा एक प्रकार इतका रुजला होता, की त्याला 'पूना' असंच नाव पडलं. जालन्यालाही तेव्हा हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली.

जालना त्या काळी निजामाच्या राज्यात. त्या राज्याने टेनिसला एक विलक्षण माणूस दिला, हैदराबादचे सय्यद मोहम्मद हादी. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते भारतासाठी टेनिस खेळले, डेव्हिस कपमध्येही खेळले. शिवाय १९३४-३५ च्या पहिल्याच रणजी मोसमात या स्पर्धेतलं पहिलं शतक त्यांच्याच बॅटमधून आलं. इतके खेळ खेळत, की लोक त्यांना 'रेनबो हादी' म्हणत.

मराठी बाजूचा धागा आणखी वेगळा आहे. १८६९ साली इंदुप्रकाश छापखान्यातून तुकारामांची गाथा निघाली. तिच्या संपादनात शंकर पांडुरंग पंडित यांचा हात होता. त्यांची मुलगी क्षमा राव संस्कृतात काव्य करायची आणि टेनिसही खेळायची. क्षमाबाईंची मुलगी लीला राव १९३४ मध्ये विम्बल्डनला गेली आणि तिथे सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. गाथेच्या संपादकाची नात विम्बल्डनच्या हिरवळीवर!

या सगळ्यांच्या हातात असायची लाकडी रॅकेट. तिचं तोंड, म्हणजे तारांचा भाग, साधारण ६५ ते ७० चौरस इंच. वजन ३७० ते ४०० ग्रॅम. पावसाळ्यात लाकूड वाकू नये म्हणून ती चौकोनी शिकंज्यात आवळून ठेवावी लागे. फाळणीपूर्वी हिंदुस्थानात खेळाच्या सामानाचं मोठं केंद्र होतं सियालकोट. फाळणीनंतर तिथल्या अनेक कारागिरांनी आणि व्यापाऱ्यांनी जालंधर आणि मेरठला नव्याने बस्तान बसवलं. आज तुमच्या गावातल्या दुकानात येणारं सामान बरेचदा तिथूनच येतं. तारा आतड्यांच्या असत. आतड्याला इंग्रजीत 'गट' म्हणतात. आज तारा नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या असल्या, तरी आपण दुकानात जाऊन 'गटिंग करून द्या' असंच म्हणतो.

एवढ्या छोट्या तोंडाच्या, जड रॅकेटने चेंडू मारायचा तर तो बरोबर मध्येच लागायला हवा. जरा कडेला लागला, की रॅकेट हातात पिळवटते. म्हणून मनगट घट्ट. हिरवळीवर चेंडू गुडघ्याएवढाच उसळतो, म्हणून गुडघे वाकवून सपाट किंवा कापलेला फटका, आणि संधी मिळताच जाळीकडे धाव. काकांचा सल्ला असा एका लाकडातून आणि एका हिरवळीतून आलेला आहे.

मग धातू आला. फ्रान्सचे जुने विजेते रेने लाकोस्त यांच्या कल्पनेतून पोलादी रॅकेट झाली आणि १९७४ मध्ये जिमी कॉनर्सने तिच्यावर विम्बल्डन जिंकलं. सळयांच्या गावाला हे ऐकून बरं वाटेल. पण खरी उलथापालथ पोलादाने केली नाही. ती केली एका हौशी खेळाडूने.

हॉवर्ड हेड हा अमेरिकन अभियंता. धातूच्या स्की बनवून त्याने पैसा कमावला, निवृत्त झाला आणि टेनिस शिकायला लागला. चेंडू काही मध्ये लागेना, रॅकेट हातात फिरे. स्वतःच्या हाताला दोष देऊन गप्प बसण्याऐवजी त्याने रॅकेटकडे अभियंत्याच्या नजरेने पाहिलं. रॅकेटच्या कडा मधल्या रेषेपासून जितक्या दूर, तितकी ती पिळवटायला कठीण. आणि हा फायदा अंतराच्या वर्गाने वाढतो. म्हणजे थोडीशी रुंदी, खूप जास्त स्थिरता. १९७६ मध्ये त्याची ॲल्युमिनियमची, ११० चौरस इंच तोंडाची प्रिन्स रॅकेट बाजारात आली. लोक हसले. नीट खेळता न येणाऱ्यांची रॅकेट, अशी तिची थट्टा झाली. दोनच वर्षांनी पॅम श्रायव्हर ही १६ वर्षांची मुलगी ती रॅकेट घेऊन यूएस ओपनच्या अंतिम फेरीत पोचली, आणि हसणं थांबलं.

या गोष्टीत आपल्यासारख्यांसाठी मोठा दिलासा आहे. मोठ्या तोंडाची रॅकेट चॅम्पियनकडून खाली आपल्यापर्यंत आलेली नाही. ती एका अडखळणाऱ्या हौशी माणसासाठी जन्मली आणि मग वर गेली. त्यामुळे 'ही तर शिकाऊंची रॅकेट' असं कोर्टावर कुणी म्हणालं, तर खुशाल हसून सोडून द्या.

मोठ्या तोंडाबरोबर पुढे ग्राफाइट आलं, वजन ३०० ग्रॅमच्या आसपास उतरलं आणि फटकाच बदलला. बोर्ग लाकडी रॅकेटनेच चेंडूला भरपूर टॉपस्पिन देई, पण त्यासाठी तारा भयंकर ताणून घेई. हलक्या, रुंद रॅकेटने तेच काम सामान्य खेळाडूच्या आवाक्यात आणलं. रॅकेट खालून वर न्यायची, चेंडू जाळीच्या बराच वरून जातो आणि तरी आत पडतो. १९९७ मध्ये गुस्तावो कुएर्टेनने पॉलिएस्टरच्या तारा लावून फ्रेंच ओपन जिंकली. फिरकी आणखी वाढली. मोबाइलवर दिसणारं टेनिस ते हे.

आता आपल्या हाताकडे येऊ. आपल्याकडे टेनिसला येणारा माणूस आधी बॅडमिंटन किंवा क्रिकेट खेळलेला असतो. नंदू नाटेकरांचा प्रवास उलटा झाला. सांगलीत जन्मलेले नाटेकर तरुणपणी टेनिस खेळत. कनिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत रामनाथन कृष्णन यांच्याकडून ते हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये मलायात सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. घरात टेनिस परतलं ते त्यांच्या मुलाच्या, गौरवच्या रूपाने. त्याने १९९४ च्या आशियाई स्पर्धेत लिअँडर पेससोबत दुहेरीचं सुवर्ण मिळवलं.

दोन्ही खेळांच्या रॅकेटी दिसायला बहिणी, पण वजनं पाहा. बॅडमिंटनची रॅकेट साधारण ८५ ग्रॅम, शटल ५ ग्रॅम. टेनिसची रॅकेट ३०० ग्रॅम, चेंडू ५६ ते ५९ ग्रॅम. शटलच्या अकरापट जड वस्तू मनगटाच्या झटक्याने मारायला गेलात, तर ती किंमत कोपर चुकवतं. या दुखण्याचं 'लॉन टेनिस एल्बो' हे नाव १८८३ मध्येच ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. मराठी घरांत ते पोचलं २००४ मध्ये, सचिन तेंडुलकरमुळे. जड बॅटने खेळणाऱ्या सचिनला हे दुखणं झालं आणि अख्खा देश एका कोपराची काळजी करत बसला. तुमच्यामागे फिजिओंची फौज नाही. कोपर दुखलं की खेळ सुटतो, आणि सुटलेला खेळ बहुधा परत धरला जात नाही.

म्हणून फटका मनगटातून नको, अंगातून हवा. चेंडू येताना दिसला, की आधी खांदे वळवा. चेंडू शरीराच्या पुढे गाठा, शेजारी आल्यावर नको. रॅकेट खालून वर न्या आणि फटका खांद्यापाशी पूर्ण होऊ द्या. समोरचा चेंडू मारत असताना दोन्ही पायांवर छोटीशी उडी घ्या, म्हणजे कुठल्याही बाजूला निघता येतं. हे चार धडे पक्के होईपर्यंत मनगटाच्या करामती बाजूला ठेवा.

रॅकेट घेताना तोंड १०० ते १०५ चौरस इंच आणि तारांशिवायचं वजन २७० ते ३०० ग्रॅम यांत राहा. मूठ पकडल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट मावलं, तर जाडी योग्य. चॅम्पियनच्या नावाने विकली जाणारी रॅकेट बरेचदा जड आणि छोट्या तोंडाची असते. ती रोज चार-पाच तास खेळणाऱ्या हातासाठी आहे. तारा मऊ नायलॉनच्या, ताण २२ ते २४ किलो. पॉलिएस्टर सध्या नको. ते कडक असतं, ताण लवकर सोडतं आणि धक्का थेट कोपरात पाठवतं.

गावचं हवामानही हिशेबात धरा. सिमेंटच्या कोर्टावर चेंडू छातीपर्यंत उसळतो. त्यामुळे हिरवळीवरचा वाकून मारायचा फटका इथे उपयोगाचा नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात चेंडूतली हवा तापते, तो जास्त उडतो आणि फटके बाहेर जातात. अशा वेळी फटक्याचा जोर कमी करण्यापेक्षा फिरकी वाढवा. आणि रॅकेट उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, तारा ढिल्या पडतात.

काकांच्या सल्ल्यातलं एक मात्र आजही तितकंच खरं आहे. चेंडू मध्ये लागायला हवा. हेडच्या रॅकेटने चुकीला थोडी जास्त जागा दिली, चेंडूवर नजर ठेवण्याचं काम मात्र आपल्याकडेच राहिलं. रविवारी कोर्टावर गेलात, तर पैसे देण्याआधी दोन-तीन जणांच्या रॅकेटी मागून दहा-दहा मिनिटं खेळून पाहा. कुठल्या रॅकेटने चेंडू आत पडतो आणि दुसऱ्या दिवशी कोपर गप्प राहतं, एवढंच बघा. मग दुकानात जा आणि गटिंग करून घ्या.