फाइलीचे आडनाव

माणसाला जसे आडनाव असते तसे संगणकावरच्या फाइलीलाही असते. नावापुढे एक टिंब आणि मग एचटीएमएल, पीएचपी, पीडीएफ असले काहीतरी. या आडनावावरून शोधयंत्र एखादे पान वर किंवा खाली दाखवते का? हा प्रश्न माझ्यासारख्या मास्तरला पडायचे कारण नव्हते. पण पडला खरा.

२००७ साली मी निवृत्त झालो. त्याच वर्षी शाळेची स्मरणिका निघाली. तिच्यात आमच्या एका दिवंगत सहकाऱ्यांचा १९७२ च्या दुष्काळावरचा लेख होता. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. खडी फोडायला गेलेल्या बायका, रेशनवरचा लाल मिलो, मुलांना वाटलेली सुकडी.. हे सगळे अण्णांनी गावात फिरून, माणसांना विचारून लिहून घेतले होते. ती माणसे आता जवळजवळ सगळी गेली. स्मरणिकेच्या प्रती लगेच संपल्या, म्हणून एका माजी विद्यार्थ्याने तिची पीडीएफ महाजालावर चढवली. आम्ही खूश! पण अण्णांचे नाव टाकून शोधा, गावाचे नाव टाकून शोधा, 'दुष्काळ' टाकून शोधा.. काही केल्या लेख सापडेना. भाचा म्हणाला, "मामा, पीडीएफ मागे पडते. एचटीएमएल करा, वर येईल."

मी इतिहास शिकवलेला माणूस. 'असे म्हणतात' यावर माझे समाधान होत नाही. म्हटले, हे 'म्हणणे' आले कुठून ते तरी पाहू.

इंटरनेटवरचे पहिले शोधयंत्र 'आर्ची'. १९९० साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एम्टेज यांनी ते तयार केले. तेव्हा वेब लोकांपर्यंत पोचलेही नव्हते. ठिकठिकाणच्या संगणकांवर फाइली ठेवलेल्या असत आणि आर्ची त्यांच्या नावांची यादी बाळगून असे. फाइलीच्या पोटात काय आहे ते त्याला ठाऊक नसे. म्हणजे हजेरीपट पाठ, पण मुलांना काय येते ते माहीत नाही! त्या काळात नाव हेच सर्वस्व होते. १९९४ मध्ये 'वेबक्रॉलर' आले आणि पानातला सगळा मजकूर धुंडाळता येऊ लागला. १९९५ च्या डिसेंबरात अल्टाव्हिस्टा आले. १९९८ मध्ये गुगल कंपनी निघाली. तिने आणखी एक गोष्ट मोजायला घेतली, ती म्हणजे या पानाकडे इतर किती आणि कोणती पाने बोट दाखवतात. नावाचे महत्त्व असे कमी कमी होत गेले.

मग आडनावाची भीती का टिकली? त्यालाही कारण आहे. पुढे पुढे पाने आधीपासून लिहून ठेवण्याऐवजी मागणी येईल तशी माहितीसाठ्यातून तयार होऊ लागली. त्यांची आडनावे एएसपी, पीएचपी अशी असत आणि पत्त्यात प्रश्नचिन्हे, आकडे यांची लांबच लांब शेपटी. एकाच पानाला शंभर पत्ते! शोधयंत्राचा फिरता नोकर अशा गल्लीत शिरला की बाहेरच येईना. म्हणून २००० सालच्या सुमारास शोधयंत्रे असल्या पत्त्यांपासून जरा दूरच राहत. लोकांनी अर्थ काढला की पीएचपी वाईट, एचटीएमएल चांगले. मग पीएचपीच्या पानांना एचटीएमएलचे मुखवटे चढवायची टूम निघाली. शेवटी २००८ च्या सप्टेंबरात गुगलनेच सांगितले की असा खटाटोप करायची गरज नाही. दोष शेपटीचा होता, शिक्षा मात्र आडनावाला झाली. एचटीएम आणि एचटीएमएल यांतला फरक तर त्याहून किरकोळ. जुन्या डॉस प्रणालीत आडनावाला तीनच अक्षरांची जागा असे, म्हणून चौथे गळाले, इतकेच.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी तर १९९८ मध्येच लिहून ठेवले होते की पत्त्यात आडनाव घालूच नका. तंत्र बदलते, पत्ता बदलता कामा नये.

राहिली पीडीएफ. ती १९९३ साली आली आणि २००१ पासून गुगल पीडीएफमधला मजकूरही शोधून देऊ लागले. म्हणजे भाच्याचे निदान चुकले होते. मग अण्णा का सापडत नव्हते?

एके दिवशी मी त्या पीडीएफमधली एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली. पाहतो तो काय, मराठीचा पत्ताच नाही! नुसती रोमन अक्षरे, इंग्रजीतही ज्यांचा अर्थ लागणार नाही अशी. तेव्हा उलगडा झाला. त्या काळचे डीटीपीचे फॉन्ट रोमन अक्षरांवर मराठीचा वेष चढवत. उदाहरणार्थ, कृतिदेव फॉन्टात आपल्याला 'मराठी' दिसते तेव्हा आत ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे असतात. त्या फॉन्टांना नावे ठेवणार नाही, त्यांनी गावोगावच्या छापखान्यांतून मराठी छापली. पण ती सोय कागदासाठी होती. यंत्र वेष पाहत नाही, आतले अक्षर पाहते. अण्णांचा लेख मागच्या बाकावर नव्हता, वर्गातच नव्हता!

यावरचा उपाय तोवर येऊन ठेपला होता. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तिच्यात देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. ती मांडणीही आपल्याच १९८८ च्या 'इस्की' या भारतीय संकेतावर बेतलेली. विंडोज २००० पासून मिळू लागलेला 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींच्या हातचा.

२०१० च्या पावसाळ्यात दोन बोटांनी मी तो लेख युनिकोडमध्ये टंकला आणि साधे पान करून चढवला. काही आठवड्यांनी अण्णांचे नाव टाकले, तर पान समोर! भाचा म्हणाला, "बघा, एचटीएमएल केलं म्हणून आलं." मी शांतपणे सांगितले की शेजारीच जुन्या फॉन्टातला तोच मजकूर एचटीएमएल करून ठेवला आहे, तो शोधून दाखव. तो काही सापडला नाही.

त्यानंतर वर्षभराने एका मुलीची ईमेल आली. अण्णांची नात. आजोबांचे नाव सहज टाकून पाहिले आणि लेख मिळाला, असे तिने लिहिले होते. घरात स्मरणिकेची प्रत उरली नव्हती, तिने तो लेख कधी वाचलाच नव्हता.

तुमच्याकडेही एखादी जुनी स्मरणिका, गावाचा इतिहास पीडीएफ होऊन पडला असेल. त्यातली एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवून बघा. मराठीच उमटली तर उत्तम. नाहीतर आता जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत, माझ्यासारखे दोन बोटांनी बसायला नको. शुद्धलेखन मात्र तपासून घ्या, यंत्र जोडाक्षरांत अजून चुकते.